उपग्रह, मी आणि आचलचे साक्षगंध

५ ऑक्टोबर, अकोला
बँकेतून रिटायर झालो, डोके रिटायर झालेले नाही. आजपासून हवामान सिरियसली घ्यायचे. फोनवर उपग्रहाचा फोटो दर अर्ध्या तासाला येतो. पांढरे म्हणजे पाऊस, काळे म्हणजे ऊन. यात शास्त्रज्ञांना इतके अवघड काय जाते, कळत नाही. ‘अचूक अंदाज’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मेंबर बहुतेक सासरचे, वरूडचे.

६ ऑक्टोबर
पुण्याहून प्रणालीचा फोन. उपग्रहाची निरीक्षणे हवामानाच्या मॉडेलला पुरवणे, हेच आमच्या पोरीचे काम. हुशारी माझ्याकडून गेलेली. तिला माझी पद्धत समजावली. म्हणाली, “बाबा, तुमी ढगाचं फक्त टक्कल पाहून राहिले. पोटात पाणी किती, ते मायक्रोवेव्हवाल्या उपग्रहाले समजते. ते मॉडेलले सांगितलं का मॉडेल आपली चूक दुरुस्त करते, मंग पुढचा अंदाज काढते.”
धीर दिला. शिकेल हळूहळू.

९ ऑक्टोबर
फोटो पांढराशुभ्र. ग्रुपवर ‘मुसळधार’ टाकले. कडक ऊन. प्रणाली म्हणते, तो ढग उंचावरचा, पातळ, बिनपाण्याचा होता. म्हणजे ढग होताच! अंदाज तत्त्वतः बरोबर.
पौर्णिमाने माझा मेसेज वाचूनच गाद्या गच्चीवर टाकल्या होत्या. बायकोला विज्ञानाचा आदर नाही.

११ ऑक्टोबर
पौर्णिमाचे थोरले भाऊ खुशालराव यांचा फोन. एकोणिसला त्यांच्या मुलीचे, आचलचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. संत्र्याच्या बगिच्यात उघड्यावर करायचे की हॉलमध्ये? अखेर सासरी किंमत कळली. म्हटले, अभ्यास करून सांगतो. विज्ञानाला घाई चालत नाही.

१६ ऑक्टोबर
फोटो काळाकुट्ट. खुशालरावांना कळवले: बगिच्यातच करा, मंडपही नको. फार खूश झाले. दोनदा विचारले, “पक्कं कोरडं ना, जवाईबुवा?”
पक्के.
प्रणाली म्हणते, बंगालच्या उपसागरावरून ढग सरकून राहिले, एकोणिसला मॉडेल पाऊस दाखवते. मॉडेल घाबरट आहे.

१९ ऑक्टोबर, सकाळी
पौर्णिमा कालच वरूडला गेली. मी एसटीने निघतो. नवा पांढरा सफारी. छत्री मुद्दाम घरी ठेवली. लोकांपुढे उदाहरण हवे.

२० ऑक्टोबर
ताप.
बगिच्यात पोचलो तेव्हा तिथे संत्र्याची झाडे आणि एक म्हैस. मग पाऊस. म्हैससुद्धा आडोशाला गेली.
साक्षगंध गावातल्या हॉलमध्ये चालू होते. तसा मेसेज फॅमिली ग्रुपवर होता. तो ग्रुप मी अवैज्ञानिक म्हणून सोडला होता. चिखलाने भरलेल्या सफारीत पोचलो. आचलने टॉवेल दिला. खुशालरावांना विचारले, हॉल काहून?
म्हणाले, “तुमी कोरडं म्हटलं, त्याच दिवशी बुक केला. जवाईबुवा, तुमी पाऊस म्हटलं का आमी सोयाबीन वाळू घालतो, कोरडं म्हटलं का ताडपत्री काढतो. एकडावबी चुकलं नाही!” आणि मनापासून हात जोडले.
प्रणालीला फोन केला. म्हटले, माझा अंदाज तुझ्या मॉडेलमध्ये घालता येईल का? म्हणाली, “येईल ना बाबा. उलटा करून.”

२१ ऑक्टोबर
काढा घेतला. ग्रुपवर काही टाकले नाही. टाकणारही नाही.
दुपारी खुशालरावांचा मेसेज: “सोयाबीन भिजलं, वाळू घालाचं आहे. पाऊस म्हना ना, जवाईबुवा.”