आत्याबाईंची किडनी

।। श्री ।।
पुणे, १८ जानेवारी १९९८

ती. आत्याबाईंस,
सून नंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला आणि जीव भांड्यात पडला. टाके ओढतात का? इतक्यात शेतात जाऊ नका, हंडा उचलू नका.

तुमची किडनी इथं झकास काम करतेय. काल डॉक्टरांनी गोळ्यांचं नीट समजावलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, पण बाहेरून आलेल्या किडनीलाही त्या परकी समजून तिच्यावर तुटून पडतात. माझ्या माहेरचं कुणी जुळलं नाही, ह्यांचाही रक्तगट जुळला नाही. तुमचा जुळला, तरी आपलं रक्ताचं नातं नाही. म्हणून सायक्लोस्पोरिन आणि सोबतच्या गोळ्या. त्या पेशींना आवरून धरतात. जन्मभर घ्यायच्या, वेळ चुकवायची नाही. मी म्हटलं, म्हणजे सासू-सुनेचं भांडण पोटातही सुटत नाही! डॉक्टर हसून म्हणाले, तिथं तरी ते होऊ द्यायचं नाही.

मामंजींना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू द्यावी.
तुमची नंदा

कुंभार पिंपळगाव, ३० जानेवारी

चि. सौ. नंदाबाईस,
अ. उ. आशीर्वाद.

काल माझ्या लेकाचा, पुंजारामाचा फोन आल्ता. तुला ताप भरला, लघवी कमी झाली, त्या पेशी किडनीवर उठल्या म्हणे. आत्याबाईंची वस्तू मी वाया घालवली म्हणून तू रडून राह्यलीस, हेबी त्यानं सांगितलं.

तवा हे बराबर ध्यानात ठेव. तू काहीच वाया घालवलं न्हाई. एक गोळी चुकवली न्हाईस, मला ठाऊक हाय. किडनी द्यायची परवानगी देणाऱ्या समितीपुढं साहेबानं मला फिरून फिरून विचारलं, की कुणी बळजबरी केली का. मी म्हणाले, साहेब, मला विषमज्वर झाल्ता तवा हिनं माझं सगळं काढलं, नाक मुरडलं न्हाई. आता मी हिला किडनी देऊन राह्यले, तर तुम्हाला नवल कशाचं वाटतं? साहेबानं कागद पुढं ओढून सही केली.

शेजारची झुंबरबाई परवा म्हणाली, परक्याच्या लेकीला कसं दिलंस? मंग मी विचारलं, माझ्या घरात राह्यली इतकी वर्षं, परकी कवा होती?

किडनी राह्यली तर आनंद. न्हाई राह्यली, तरी मी दिल्ती, हे कुणी पुसू शकत न्हाई. जेव, झोप. तुझ्या वाटेवर डोळे लावून,
द्वारकाबाई

पुणे, १६ फेब्रुवारी

ती. आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

संकट टळलं. सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला, तेव्हा पेशी आत शिरलेल्या दिसल्या. लगोलग सलाइनमधून जोरदार औषध सुरू केलं. दोन दिवस काहीच फरक नव्हता. ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. तिसऱ्या दिवशी लघवी वाढली आणि सिस्टरबाई बाटली हातात धरून डॉक्टरांना दाखवायला पळतच गेल्या!

गोळ्यांनी हात थरथरतात, म्हणून अक्षर असं वाकडं. गालावर लवही आलीय, ओळखाल ना? लढणाऱ्या पेशी आवरल्यामुळं साधा सर्दी-तापही मला जड जाईल. तोंडाला फडकं लावायचं, गर्दीत जायचं नाही.

तुमचं पत्र डॉक्टरांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, त्यांना माझा नमस्कार कळवा. तो कळवते. माझा तर रोजच आहे. मार्चअखेर घरी सोडणार आहेत. पायांशी जागा ठेवा.
नंदा

कुंभार पिंपळगाव, २० मार्च

चि. सौ. नंदाबाईस,
अ. उ. आशीर्वाद.

पुण्याच्या डॉक्टरांचा नमस्कार तुझ्या मामंजींनी सगळ्या गल्लीला वाचून दाखवला. मला लाज वाटली, पर उठून आत गेले न्हाई.

तुझी खोली चुन्यानं पोतारून घेतली. पाणी उकळूनच देईन. जांबच्या रामाचं दर्शन रामनवमीची गर्दी ओसरल्यावर करू, देव कुठं जात न्हाई. बाया तुला बघायला येणार, त्यांना सांगून ठेवलं, बघा पर दुरून. लग्नानंतर तू पह्यल्यांदा या दारात आल्तीस, तवा मीच तुला गाडीतून खाली मान घालून उतर म्हणाल्ते. आता मान वर करून उतर. मी दारात उभी हाय.

तुझीच,
द्वारकाबाई