नाणं आणि चार वाजताचा फोन

३ जानेवारी
आजपासून नाण्याची जादू, पुढचा अभ्यास. मुठीतलं नाणं गायब करणं मला केव्हाचं येतं. आता बोटांच्या पेरांवरून नाणं चालवायचं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आणि परत. पुस्तकात सहा महिने दिलेत. ते सामान्य माणसासाठी. मी एकतीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय.
कारण नोंदवून ठेवतो. धाकटा भाऊ म्हणाला, दादा, तुझा हात थरथरतो, तू काउंटरवर बस, दुरुस्तीचं टेबल मी बघतो. हात थरथरत नाही. दुकानात थंडी असते. माणसाला त्याच्या कामावरून उठवणं हा अन्यायच, मग तो सख्ख्या भावाने गोडीने केलेला का असेना. ३१ मार्चला त्याच्यासमोर नाणं चालवून दाखवणार. तोवर टेबल माझं.

९ जानेवारी
चाळीसदा पडलं. नाणं झिजून गुळगुळीत झालंय.

१० जानेवारी
नवं घेतलं. फार जड आहे.

२२ जानेवारी
दुकानात सराव होत नाही. बरोबर चारला हिचा फोन. फोन काउंटरवर, म्हणून टेबल सोडून पुढे यावं लागतं. आज विचारलं, अहो, छत्री कुठे ठेवलीत. पावसाचा पत्ता नाही. काल विचारलं, भाजी कोणती करू. आजवर तिने मला विचारून भाजी केलेली नाही. वय वाढलं की माया वाढत असावी.

५ फेब्रुवारी
नाणं दुसऱ्या बोटापर्यंत गेलं. म्हणजे जवळजवळ गेलं.
माझ्याकडून घड्याळ दुरुस्त करून नेलेल्या बाई मुद्दाम सांगायला आल्या, सेकंदाचा फरक नाही. धाकट्याला ऐकू जावं म्हणून त्यांना पुन्हा सांगायला लावलं. तो मान खाली घालून हसला. हरलेला माणूस असाच हसतो.

२ मार्च
सातवं प्रकरण. लेखक म्हणतो, चपळ हात दुय्यम. बघणाऱ्याला दुसरीकडे बघायला एक साधं, रोजचं कारण द्या. इतकं साधं की संशय यायला नको.
हिच्यावर प्रयोग केला. बोलत राहिलो, पण ती माझ्या हाताकडेच बघत होती. नाणं पडलं. तिने उचलून दिलं. म्हणाली, पुरे आता, दमलात. डोळे पुसले. सर्दी असावी.

१८ मार्च
चारचा फोन. शिवणाची कात्री कुठे आहे. काउंटरसमोरच्या मोठ्या घड्याळाच्या काचेत मागचं टेबल दिसतं. आज पहिल्यांदा लक्ष गेलं.
सकाळी मी पूर्ण केलेलं घड्याळ धाकट्याने उघडलं. बारीक स्क्रू काढले, पुन्हा बसवले. बंद करून होतं तिथे, होतं तसं ठेवलं. हातात चिमटा अगदी स्थिर.
ही विचारत होती, अहो, ऐकताय ना. म्हटलं, ऐकतोय.

१९ मार्च
फोन कधीपासून येतो ते आठवून पाहिलं. थंडी सुरू झाल्यापासून. तेव्हापासून माझं एकही घड्याळ तक्रार घेऊन परत आलेलं नाही. तशी पाटी लावायचा विचार होता.

२० मार्च
थंडी कधीच संपली आहे. दुकानात पंखा लावतो.

३१ मार्च
धाकट्याने आठवण करून दिली नाही. मीच म्हटलं, नाणं घरी राहिलं. खिशात होतं.
चारला फोन आला. उठलो. काचेकडे न बघता रस्त्याकडे बघत उभा राहिलो. टेबलावर माझी दोन घड्याळं होती, त्याला वेळ लागणार. हिला म्हटलं, ठेवू नकोस, आणखी काय काय सापडत नाही ते सांग.
दुकान बंद करताना भिंग आणि चिमटा त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, काउंटरवर उजेड चांगला असतो. तो म्हणाला, हो दादा, तिथे चांगला असतो.

१ एप्रिल
काउंटर. चार वाजले. फोन वाजला नाही.
सव्वाचारला मीच लावला. विचारलं, कात्री सापडली का.