टोकमोकमधलं इस्तंबूल

बिश्केक, कडाक्याच्या थंडीत

आदरणीय बुरुलकान वहिनी,

दोन्ही हात छातीशी धरून सलाम. तुमची तब्येत, दादांचे गुडघे, मेंढ्या आणि शिलाईची यंत्रं धडधाकट असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे बरे आहोत. म्हणजे बाहेर तोंड दाखवायची वेळ येत नाही तोवर बरे आहोत.

परवाच्या 'आपला देश, आपला माल' सभेला मीच तुम्हाला आग्रहानं बोलावलं आणि दुसऱ्या रांगेत बसवलं (पहिली देणगीदारांची होती, त्यांच्या गाड्या जपानी, म्हणून लांब उभ्या केल्या होत्या). बोलता बोलता मला चेव आला. टोपी आपली, घोडी आपली, मग पाठीवर परक्याचा कोट का, असं विचारून मी बायकोच्या अंगातला इस्तंबूलचा कोट उतरवून घेतला (बाजारातून आणला होता मीच, गावठी शिवण चार दिवसांत उसवते असं तिला ऐकवून) आणि भर सभेत त्याचं अस्तर फाडायला घेतलं. फाटेना, म्हणून दात लावले. कसंबसं टरकन फाटलं तशा टाळ्या पडल्या. परक्यांचं काम किती कच्चं असतं पाहा, असं म्हणायला तोंड उघडलं, तर तोंडात दोरा.

तेव्हा तुम्ही उठलात आणि शांतपणे म्हणालात, "भावजी, जपून, दात पडतील. दुहेरी शिवण आहे, माझ्या हातची. ते इस्तंबूल टोकमोकला आमच्या स्वयंपाकघराला लागून आहे."

सभा खो खो हसली. मग लेबल परकं कशाला, असं कुणीतरी विचारलं. तुम्ही माझ्याकडे बघत म्हणालात, "आपलं नाव लावलं की घरचीच माणसं हात लावत नाहीत." आणि नानचा तुकडाही न मोडता निघून गेलात. वहिनी, भाषणांतून लोकांची सालं काढण्यावर माझं पोट चालतं. माझं साल इतक्या सफाईनं कुणी काढलं नव्हतं. बायको जुन्या शालीत फिरते आणि माझ्याशी बोलत नाही.

पुढच्या शुक्रवारी आमच्या बेकसुल्तानचं लग्न आहे. नव्या सुनेच्या डोक्यावर पांढरा रुमाल घालायचा मान तुमचा. तुम्ही नसलात तर पोर उंबऱ्यातच उभी राहील, आणि का ते सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक असेल. माझं तोंड बघू नका, पण या.

तुमचा धाकटा दीर,
सुयूनबेक

ता. क. : व्याह्यांना रीतीप्रमाणे कोट द्यायचा आहे. त्यांना इटलीचाच हवा. तुमच्याकडे इटलीचीही लेबलं असतात असं ऐकतो. (पोट मोठं आहे, कापड जास्त धरा.)

आणखी ता. क. : इटलीचाच हट्ट का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, "तुमचं भाषण ऐकलं. माणूस इतका जळतो, म्हणजे माल भारीच असणार." (तुम्ही उठायच्या आतच ते निघून गेले होते.)

शेवटचं : बायकोला एक शिवा, आणि जमलं तर मलाही. त्या दोन्हींत लेबल तुमच्या नावाचं. माझा मी लग्नात उलटा घालीन, लेबल बाहेर. उलटा कोट घालणाऱ्याला मार बसतो म्हणतात. बसू दे.