दगडावरचं आडनाव

एशहोफ मळा, म्युन्स्टर
३ नोव्हेंबर १८९१

प्रिय आंतोन भाऊजी,

ह्यांच्या कबरीचा दगड काल आला. दगडाचे साठ मार्क, गाडीभाडं चार. नाव कोरायचं राहिलंय.

पाथरवट विचारतो, "मालकीणबाई, मळ्याचं नाव घालू की माणसाचं?" घरजावयाने मळ्याचंच आडनाव लावायचं, ही इथली रीत. तुम्ही ब्रेमेनला जन्माच्या आडनावाने ल्युकेच राहिलात, तुमचे भाऊ माझ्या माहेरी येऊन एशहोफ झाले. "बेर्न्डने मळ्याशी लग्न लावलं, बायको वर फुकट मिळाली," असं लोक चिडवायचे. हेही हसायचे, म्हणून मनाला लागतं का, हे मी कधी विचारलंच नाही.

शेवटच्या दिवशी पाद्रीबाबांनी "एशहोफ" अशी तीनदा हाक मारली. ह्यांनी डोळे उघडले नाहीत. मग मीच कानाशी वाकून "ल्युके" म्हटलं, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. हे लगेच "आलो" म्हणाले.

हे कुणालाच सांगितलेलं नाही. थोरला म्हणतो, "आई, आपल्या कबरीवर परकं नाव कशाला?" त्याच्या बापाचं नाव परकं! तुम्हाला लिहिलेली दोन पत्रं चुलीत घातली, हे तिसरं. टपालात टाकायचा धीर होतो की नाही, देव जाणे. झालाच, तर मी कोणतं नाव कोरून घेऊ ते उलट टपाली कळवा.

तुमची वहिनी,
अल्वीन एशहोफ