शिल्लक चाळीस

३ मार्च, सोमवार

फॉर्म परत आला! तिसऱ्यांदा! या खेपेला म्हणे ‘यशोगाथा’ जोडलेली नाही. एकतीस पोरं रोज सकाळी औषधाच्या रांगेत उभी राहतात, गोळ्यांच्या व्यसनातून बाहेर यायला धडपडतात, ही गाथा नाही तर काय? पण नाही. एकाच पोराची हकीकत हवी, पाचशे शब्दांत, सुरुवात वाईट आणि शेवट गोड.

महिनाअखेरीला जुनं अनुदान संपतं. नवं मिळालं नाही तर केंद्राला कुलूप. औषध बंद झालं की पंधरवड्यात अर्धी पोरं पुन्हा गोळ्यांवर. हे फॉर्ममध्ये कुठे लिहायचं? रकानाच नाही.

४ मार्च

ठमीचीच गोष्ट लिहिली. माझी भाची, ताईची एकुलती एक. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुखण्याच्या गोळ्या दिल्या; दुखणं थांबलं, गोळ्या थांबल्या नाहीत. अठरा वर्षांची होती. मी असल्या केंद्रात नोकरी करते आणि एकाच घरात राहून मला सहा महिने पत्ता नाही! ताई तेव्हा एवढंच म्हणाली, “तू तर त्यातली माणूस ना गं?” अजून टोचतं.

आता सात महिने झाले, एकही गोळी नाही. कॉलेजला जाते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. गोष्टीत नावाऐवजी नुसता क्रमांक टाकला आणि तिला वाचून दाखवलं. म्हणाली, “मुलगी क्रमांक सात! मावशी, शाळेतसुद्धा माझा नंबर इतका वर आला नव्हता गं!” हसून हसून पुरेवाट.

६ मार्च

अनुदानासाठी मंगळवारी पाहणी आहे. सिस्टर आणि मी औषधाचं कपाट काढून बसलो. सगळं जुळलं, स्प्रे सोडून. गोळ्या जास्त झाल्या आणि श्वास थांबायला लागला की हा नाकात मारायचा — पोर परत श्वास घेतं. चाळीस आले होते. कपाटात अठ्ठावीस. बारा घरोघरी दिलेत, कारण पोरं घरी पडतात, आमच्या कपाटासमोर येऊन पडत नाहीत!

पण रजिस्टरात रकाने दोनच. ‘शिल्लक’ आणि ‘वापरला’. घरी दिलेला ना हा, ना तो. वरच्या ऑफिसला फोन लावला. “घरी वाटायला कुणी सांगितलं होतं, मॅडम? तफावत दिसली की फाइल तिथेच अडकणार.”

सिस्टर म्हणाली, “दोन दिवसांपुरते मागवून घेऊ या. पाहणी झाली की लगेच परत.” मी हो म्हटलं. विचारसुद्धा केला नाही, हो म्हटलं. एकतीस पोरं डोळ्यांसमोर होती.

८ मार्च, शनिवार

दिवसभर घरं पालथी घातली. बहुतेकांनी मुकाट्याने दिले. शिंपीणबाई मात्र मशीनवरून उठेचना. तिचा मुलगा दोनदा जाता जाता वाचलाय. “मॅडम, हा माझ्या उशाशी असतो. नेलात तर माझा डोळा लागेल का?” मी समजूत काढली. समजूत कसली, तिच्या गळी उतरवलं! म्हटलं, केंद्रच बंद पडलं तर स्प्रेचं काय करणार? शेवटी पिशवीत घालून दिला. माझ्याकडे बघितलं नाही.

लाज वाटते मला माझी.

१० मार्च

एकोणचाळीस! कपाट तीनदा उलटंपालटं केलं. सिस्टर रडकुंडीला आली. मग माझी ट्यूब पेटली — चाळिसावा आमच्याच घरी! स्वयंपाकघरातल्या खणात, कात्रीच्या मागे. मीच ठेवलेला, ताईला दहा वेळा दाखवून, कसा मारायचा ते तिच्याकडून घोकून घेऊन.

दुपारी घरी गेले. ताई ऑफिसला. ठमी टेबलाशी पुस्तक घेऊन बसलेली. “ने ना. मला काय करायचाय आता?” वर आणि, “क्रमांक सातकडून केंद्राला भेट!”

ताईला सांगेन.

११ मार्च

आले नाहीत! “गुरुवारी येतो.” आणि माणसं इकडे टांगणीला. सिस्टरला म्हटलं, दोन दिवसांसाठी परत देऊन येऊ. ती म्हणाली, “आणि पुन्हा मागायला गेलो तर देतील?” नाही देणार. मीही दिला नसता. शिंपीणबाईला तीन फोन केले. “बरा आहे, मॅडम. जेवतोय.” कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

१२ मार्च

शिंपीणबाईचा मुलगा बरा. ठमी नीट जेवली नाही, गुडघा दुखतोय म्हणाली. परीक्षेचं टेन्शन असेल. माझं डोकं उद्यात.

१३ मार्च, गुरुवार

झाली एकदाची! पाहणीच्या बाईंनी एकेक स्प्रे हातात घेऊन मोजला. चाळीस. “असा चोख स्टॉक क्वचित बघायला मिळतो.” मग क्रमांक सातची गोष्ट वाचली आणि चक्क डोळे पुसले. “कुठे असते ही मुलगी आता?” मी म्हटलं, “आत्ता घरी असेल, अभ्यास करत.” सांगताना काय फुगले होते मी! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, निभावलं आपण.

आत्ताच गाडी गेली त्यांची. पहिला स्प्रे शिंपीणबाईला, मग बाकीचे. फोन मघापासून पर्समध्ये वाजतोय, कितीदा बंद केला. ताईच असणार. बघते.

२७ मार्च

मंजुरीचं पत्र आलं. तीन वर्षांसाठी. शेरा — ‘साठा तंतोतंत.’

ठमीला जाऊन आज चौदा दिवस. ताई माझ्याशी एकदाच बोलली, त्या दिवशी, दारात. “सगळे खण काढले गं मी. कुठे ठेवला होतास?”