आधी म्हशी, मग फटाके

आत्याबाई,

पाया पडते. आज पाडवा, तुम्ही गेल्यावरचा पहिलाच. मला कुठं येतंय पत्र लिहायला! पण दुसऱ्या कुणाला विचारू? संध्याकाळी गोठ्यापुढं जाळ करायचा का नाही?

थोरले भाऊजी म्हणतात, "आईचं वरीस झालं न्हाय आजून. यंदा सण न्हाय." खरंय. घरात तळण नाही, शेजारणींनी दिलेल्या फराळावर दिवाळी चाललीय. पण म्हशींना कसलं आलंय सुतक? जाळावरून काढल्या नाहीत तर वर्षभर पीडा मागं लागते, हे तुम्हीच सांगायचा ना?

त्यात तुमची नात सोनी. "मम्मी, पण जाळ कशासाठी?" काय सांगू? मी विचारलं की तुम्ही म्हणायचा, "आसतंय तसं. पाचट आण आदी." सव्वीस वर्षं आणलं की जाळाला उसाचं पाचट! उत्तर कुठंय?

म्हणून आज गावात विचारत सुटले. देवळातले पुजारी म्हणाले, बळीराजा आज वर येतो, त्याला उजेड दाखवायचा. भाऊजी म्हणाले, "पावसाळ्यातलं गोचीड मरत्यात धुरानं." सोनीच्या मोबाईलमध्ये तिसरंच. कुणाचं धरायचं?

शेवटी तुमच्या मैत्रिणीला, गोदाक्काला गाठलं. म्हटलं, शेवटची म्हैस जाळापलीकडं गेल्याशिवाय आमच्याच घरी आत्याबाई फटाका का लावू देत नव्हत्या? तर हसायलाच लागली.

"लई शानी व्हती तुजी सासू! नवी नवरी आसताना म्हशी जाळापशी आल्या आन् हिनं फटाक्याची माळ लावली. बुजली की म्हैस! फिरली ती जाळातच. कास भाजली."

मग हसायची थांबली. "दुसऱ्या वर्षी तुजा सासरा म्हनला, जाळ बंद. तर हिनंच पेटवला. त्याच म्हशीचं दावं धरलं, आन् सोता म्होरं चालत पार केली."

आत्याबाई! सोनी लहान असताना मी म्हशी यायच्या आत एक फुलबाजी लावली, तर चार बायकांत माझ्या हातावर फटका मारलात. आठ दिवस बोलले नाही मी तुमच्याशी. मनात लई शिव्या घातल्या. "माझ्याकडनंबी झालंय गं," एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? लाज वाटली? माझ्यापुढं?

बळीराजाचं खरंखोटं देव जाणे. आपल्या दारातली रीत कुठनं आली ते तरी कळलं. आणि तुम्ही असता तर आज काय केलं असतं, तेही कळलं.

जाळ करते. यंदा फटाके नाहीत. भाऊजी फुगले तर फुगू देत. म्हशीचं दावं सोनीच्या हातात देणार आणि ती "का?" म्हणाली की सगळं सांगणार. तुमची चूक तुमच्या नावानिशी, आणि माझी माझ्या. रागवा हवं तर. शब्द देते, तिला गप बसवणार नाही.

तुमची सून,
सुनंदा
कुंभारी