न धुतलेलं लुगडं

माय, तुझे गुडघे आता दुखत नसतील. बापूचा खोकला थांबला का? आत्याला तिकडं तरी नीट ऐकू येतं का? आपल्या म्हशीचीही खुशाली कळव, तुझ्यामागोमाग तीही गेली. मी लातुरात लेकाकडं ठणठणीत हाय, कुणी काही म्हणो.

म्हणायला कारण झालं. परवा भाचीला सोबत घेऊन किनवटकडं गेले होते, आपल्या गावामागचा डोंगर चढले. पायथ्याला सागाची वाळली पानं पायाखाली चुरडतात, तेव्हा जुनी पेटी उघडल्यासारखा कोरडा वास येतो. ओढ्याच्या कपारीत शिरलं की एकदम ओल्या दगडाचा, थंड. आणि वर पहाटे पडलेल्या मोहफुलांचा. गोड, जरा आंबूस, डोक्यात चढणारा. त्या फुलांत मी फतकल मारून बसले, भाची उठ उठ म्हणेपर्यंत.

घरी आले तर लेक दारातच.

"आई, हा दारूसारखा कसला वास येऊन राहिला?"

"मोहाचा."

"डोंगरात गेल्तीस? आता पुन्हा जायचं न्हाई. पाय मोडला म्हंजे?"

"मोडला तर माझा मोडंल. तू कशाला आत्तापासून लंगडून राहिलास?"

सून पदराआड हसली. तो हसला नाही.

तूही अशीच उंबऱ्यात अडवायचीस, माझं डोकं हुंगायचीस. "भट्टीवरून आली म्हंतील लोकं, कार्टे! काढ तो परकर!" परकर लगेच पाण्यात जायचा. पण एकदा न्हाणीच्या फटीतून मी पाहिलं, माय. भिजवायच्या आधी तू तो परकर तोंडाशी धरून उभी होतीस. लई वेळ. डोंगर रोज आपल्या दारातून दिसायचा, पण घरच्या बाईचं तिथं काय काम, असं बापू म्हणायचा आणि तू ऐकायचीस. मी न्हाई ऐकणार. लेकाचं न्हाई, डॉक्टरचं न्हाई. पुढच्या चैत्रात मोह पडला की मी पुन्हा जाणार, तुझ्या वाटचंही हुंगून येणार.

उतरताना गुडघा लई दुखला. हे फक्त तुला सांगून राहिले, घरात कुणाला माहीत न्हाई.

सुनेनं लुगडं धुवायला मागितलं, मी दिलं नाही. त्याची घडी घालून ट्रंकेत ठेवलंय आणि हा कागदही त्याच घडीत ठेवते. टपालात टाकायला तुझा पत्ता कुठाय? वास उडून जायच्या आत उत्तर लिही.